दोन लाव्ह्यांमधला काळ : दख्खनचा कातळ आणि डायनासोरांचा अंत

कातळवाचक

सह्याद्रीतील कोणत्याही घाटातून समोरच्या कड्याकडे पाहिले, तर काळ्या कातळाचे आडवे थर एकावर एक चढलेले दिसतात आणि दोन थरांच्या सांध्यावर अधूनमधून विटकरी रंगाचा एक अरुंद पट्टा दूरपर्यंत गेलेला दिसतो. काळ्या थरांविषयी आपल्याकडे शाळेच्या भूगोलापासून पुष्कळ सांगितले जाते. या धाग्यात मला त्या विटकरी पट्ट्यांविषयी, आणि काही ठिकाणी त्यांच्या जागी सापडणाऱ्या तळ्यांच्या गाळाविषयी लिहायचे आहे. ६.६ कोटी वर्षांपूर्वी डायनासोरांसह पृथ्वीवरील सुमारे तीन चतुर्थांश जीवजाती नाहीशा झाल्या. त्यात दख्खनच्या ज्वालामुखींचा वाटा किती होता, या प्रश्नाचे उत्तर लाव्ह्यापेक्षा दोन लाव्ह्यांमधल्या काळात अधिक दडलेले आहे, असे माझे मत आहे.

आधी पसारा लक्षात घेऊ. दख्खनचा बसाल्ट आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरांवर पसरलेला आहे. झिजून गेलेला आणि पश्चिमेला समुद्राखाली गेलेला भाग धरला, तर मूळ घनफळ १० लाख घनकिलोमीटरांहून अधिक असावे असा अंदाज आहे. हा शिलारस एखाद्या शंकूसारख्या पर्वताच्या तोंडातून आलेला नाही. जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून तो वर आला आणि सपाट पसरत गेला. त्याचे काही प्रवाह इतके दूर गेले की आंध्र प्रदेशातील राजमहेंद्रीजवळ, म्हणजे सह्याद्रीपासून जवळजवळ हजार किलोमीटरांवर, त्याच लाव्ह्याचे थर सापडतात.

एवढ्या मोठ्या घटनेने जग मोडले असणारच, असे कोणालाही वाटेल. पण साधा भागाकार करून पाहा. २०१५ मध्ये ब्लेअर शोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या उद्रेकाचा मुख्य भाग सुमारे साडेसात लाख वर्षे चालला असे दाखवले. अकरा लाख घनकिलोमीटर लाव्हा या काळात सारखा वाटून टाकला, तर वर्षाला सुमारे दीड घनकिलोमीटर येतो. आता १७८३ साली आइसलंडमध्ये झालेला लाकीचा उद्रेक पाहा. तिथल्या भेगांतून आठ महिन्यांत जवळपास १५ घनकिलोमीटर लाव्हा बाहेर आला आणि त्याबरोबर सुमारे १२ कोटी टन सल्फर डायॉक्साइड हवेत गेला. गवत विषारी झाले, गुरे मेली आणि दुष्काळात त्या देशातील सुमारे एक पंचमांश माणसे दगावली. तरीही लाकीमुळे जगातल्या जीवजाती नष्ट झाल्या नाहीत. म्हणजे दख्खनचा लाव्हा दर वर्षी सारख्या प्रमाणात येत राहिला असता, तर त्याचा वार्षिक वेग लाकीच्या एक दशांशाएवढाच भरला असता आणि त्याने जगाचा अंत ओढवला असता असे म्हणणे कठीण गेले असते.

म्हणून सरासरीला इथे काहीच अर्थ नाही. लाव्हा सारखा येत नव्हताच. एखादा प्रचंड प्रवाह यायचा, थंड व्हायचा आणि नंतर दीर्घ काळ काहीच घडायचे नाही. त्या शांततेत कातळाचा माथा कुजून माती तयार व्हायची, तिच्यावर राख पडायची, पाऊस झिरपायचा, झाडे उगवायची. पुढचा प्रवाह आला की ती माती त्याच्याखाली भाजून निघायची. आपल्याला दिसणारा विटकरी पट्टा तो हाच. बसाल्टवर अशी माती तयार व्हायला हजारो वर्षे लागतात, त्यामुळे प्रत्येक पट्टा हा थांबलेल्या काळाचा पुरावा आहे.

हे अंतर महत्त्वाचे का, ते वायूंच्या स्वभावावरून कळते. गंधकाचे वायू सूर्यप्रकाश अडवून हवा थंड करतात, आम्लवर्षा घडवतात, परंतु काही वर्षांत धुऊन खाली येतात. कार्बन डायॉक्साइड मात्र हजारो वर्षे हवेत राहतो आणि तापमान वाढवतो. शिवाय ताजा बसाल्ट पावसात कुजताना तोच वायू पुन्हा शोषून घेतो. दोन मोठे उद्रेक एकमेकांपासून पन्नास हजार वर्षे दूर असतील, तर पहिल्याची जखम भरून आल्यावर दुसरा आला असे होईल. तेच शंभर वर्षांच्या अंतराने आले असतील, तर घाव साठत गेले असतील. लाव्ह्याचे घनफळ दोन्ही बाबतींत एकच, पण जीवसृष्टीवरचा परिणाम अगदी वेगळा.

ही अंतरे मोजण्याचा प्रयत्न गेल्या काही वर्षांत नेटाने झाला आहे. शोन यांच्या गटाने विटकरी पट्ट्यांतील राखेतून झिरकॉनचे सूक्ष्म स्फटिक निवडून त्यांतील युरेनियम आणि शिसे यांच्या प्रमाणावरून वय काढले. कोर्टनी स्प्रेन आणि पॉल रेनी यांच्या गटाने प्रत्यक्ष लाव्ह्यातील फेल्डस्पार या खनिजाचे वय आरगॉन पद्धतीने, म्हणजे किरणोत्सारी क्षयातून त्यात साठलेल्या आरगॉन वायूवरून, काढले. दोन्ही गटांचे निष्कर्ष २०१९ मध्ये एकाच वेळी प्रसिद्ध झाले. शोन यांच्या मते लाव्हा चार मोठ्या झटक्यांत आला आणि त्यांतला एक झटका, त्याच सुमारास मेक्सिकोत जो प्रचंड अशनी आदळला त्याच्या काही दशसहस्र वर्षे आधी सुरू झाला. स्प्रेन यांच्या मते असे सुटे झटके दिसत नाहीत आणि सुमारे ७५ टक्के लाव्हा विनाशाच्या नंतर आलेला आहे. घाट तेच, कातळ तोच, आणि तरीही दोन चित्रे निघतात, याचे कारण मधल्या काळाचे माप अजून पुरेसे बारीक झालेले नाही.

माझा कौल सांगतो. मेक्सिकोच्या युकातान किनाऱ्यावरील चिक्शुलूब येथे जो अशनी आदळला, त्यानेच मुख्य घाव घातला. १९८० साली लुइस आणि वॉल्टर अल्वारेझ यांनी इटलीतील गुब्बिओ येथे त्या काळच्या मातीत इरिडियम या, पृथ्वीच्या कवचात दुर्मीळ पण अशनींत भरपूर असणाऱ्या धातूचे असाधारण प्रमाण दाखवले आणि पुढे सुमारे १८० किलोमीटर व्यासाचे ते विवर ओळखले गेले. हा पुरावा फार बळकट आहे. परंतु आधीच्या अडीच लाख वर्षांत आणि नंतरच्या पाच लाख वर्षांत या पृथ्वीवर जीव कसे जगले, हे सांगणारे दप्तर जगात जिथे आहे त्यांत आपल्या पायाखालची जमीन अग्रक्रमाने येते. त्या दप्तराकडे मराठी वाचकाचे लक्ष फारच कमी आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते. नागपूरच्या सीताबर्डीच्या टेकडीत आणि टाकळीच्या परिसरात दोन लाव्ह्यांमधला गोड्या पाण्याचा गाळ स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या मिशनऱ्यांनी १८५० च्या दशकात नोंदवला होता. त्यात शंख, माशांचे खवले, फळे, बिया, लाकूड असे सगळे होते. हिस्लॉप १८६३ मध्ये टाकळघाटाकडून परतताना नदीत बुडून वारले. त्यांचे नाव आज नागपुरात महाविद्यालयामुळे ठाऊक असते, त्यांच्या जीवाश्मांमुळे नाही.

आपापल्या भागातील अशा थरांविषयी कोणाला माहिती असेल, तर ती इथे लिहावी.


रानजाई

फार आवश्यक विषय घेतलात. मी चंद्रपूर जिल्ह्यातली आहे, म्हणून वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याविषयी लिहिते. तिथला गाळ लाव्ह्याच्या मधला नसून लाव्ह्याच्या खालचा आहे. त्याला लामेटा म्हणतात आणि तो लाव्हा येण्याच्या सुमाराचाच आहे. पिसदुऱ्याच्या शेतांत डायनासोरांची हाडे मिळतात, पण त्याहून मौल्यवान ठरली ती त्यांची दगड झालेली विष्ठा. वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलिमोहम्मदियन आणि अशोक सहानी यांनी त्या विष्ठेत वनस्पतींच्या पेशींतले सिलिकेचे सूक्ष्म कण शोधले आणि त्यांत गवताचे कण मिळाले. हे २००५ साली प्रसिद्ध झाले. तोपर्यंत गवत हे डायनासोर गेल्यानंतरचे, असे जगभर मानले जात होते. त्या विष्ठेत ताड, सूचिपर्णी आणि इतर झाडांचेही अवशेष होते, त्यामुळे ते प्राणी फक्त गवत खात होते असे समजू नये. मात्र भाताच्या कुळाशी नाते सांगणारे गवत त्या काळी या भूमीवर होते, एवढे त्यातून नक्की झाले. त्याच चंद्रपूरच्या पूर्व भागात आज भाताची शेते आहेत, हे मला नेहमी विलक्षण वाटते.

गुजरातेतल्या बालासिनोरजवळच्या लामेटा थरांत डायनासोरांच्या अंड्यांची घरटी सापडली, त्यांपैकी एका घरट्यात तर अंड्याभोवती वेटोळे घातलेला सुमारे साडेतीन मीटर लांबीचा साप आणि शेजारी नुकतेच बाहेर आलेले पिल्लू, असे सगळे एकत्र गाडले गेलेले आहे. नागपुरात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम केलेल्या धनंजय मोहबे यांनी तो दगड उजेडात आणला. त्यात साप आहे हे पुढे जेफ्री विल्सन यांच्या लक्षात आले आणि २०१० मध्ये त्याला सनाजे इंडिकस हे नाव मिळाले. लाव्हा दारात येऊन ठेपला असताना या भूमीवर इतके भरलेले जीवन होते.


वाटसरू

लेख आवडला. दोन शंका आहेत. गडांचे माथे सपाट किंवा मध्ये खोलगट असतात, ती ज्वालामुखीची जुनी तोंडे आहेत असे काही गाइड सांगतात, ते खरे आहे का? आणि बुलढाण्यातील लोणारचे विवर या सगळ्यात कुठे बसते?


कातळवाचक

वाटसरू, गडांचे माथे ही ज्वालामुखीची तोंडे नाहीत. एके काळी सलग असलेल्या पठाराचे ते झिजून उरलेले तुकडे आहेत. कठीण थर उभा कडा धरून राहतो, मऊ आणि सच्छिद्र थर उताराचा होतो, त्यामुळे कडा आणि माची अशी रचना आपोआप तयार होते. शिलारस ज्या भेगांतून वर आला, त्या भेगा मात्र आजही दिसतात. धुळे आणि नंदुरबारच्या माळांवर काळ्या दगडाच्या सरळ भिंती मैलोगणती गेलेल्या आहेत. भेगेत गोठलेला शिलारस भोवतालचा दगड झिजल्यावर असा उभा राहिला आहे.

लोणारचा या विनाशाशी काहीही संबंध नाही. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर याच बसाल्टमध्ये अशनीपाताने पडले, पण लाव्हा थंड होऊन कोट्यवधी वर्षे लोटल्यानंतर. त्याच्या वयाविषयी मतभेद आहेत, तरी सर्वांत मोठा अंदाजसुद्धा काही लाख वर्षांचाच आहे.


शिलाक्रम

भूशास्त्र हा माझा अभ्यासाचा विषय आहे, म्हणून काही मुद्द्यांवर मतभेद नोंदवतो. मधल्या काळावर तुम्ही जो भर दिला आहे तो योग्यच आहे, पण विटकरी पट्ट्यांकडून आपण फार अपेक्षा करू नये. एक तर प्रत्येक पट्टा कुजलेल्या कातळाचा नसतो, काही पट्टे राखेचे असतात, आणि राख एका दिवसातही पडू शकते. पट्ट्याच्या जाडीवरून काळ काढणे म्हणूनच धोक्याचे आहे. दुसरे असे की त्यांतील झिरकॉन हे दख्खनच्या बसाल्टचे नाहीत. बसाल्टमध्ये झिरकॉन सहसा तयार होत नाही. ते सिलिका जास्त असलेल्या दुसऱ्या उद्रेकांच्या राखेतून आलेले आहेत. स्फटिक शिलारसात तयार झाला तो क्षण आणि राख पडली तो क्षण यांत अंतर असू शकते, आणि दुसरीकडून वाहून आलेला जुना स्फटिकही त्यात मिसळू शकतो. आरगॉन पद्धतीची अडचण वेगळी आहे. तिथे प्रत्यक्ष लाव्ह्याचेच वय मिळते, परंतु मापातील अनिश्चितता मोठी राहते. दोन गटांची चित्रे जुळत नाहीत, त्यात या दोन्ही गोष्टींचा हात आहे.

अशनी आणि ज्वालामुखी यांना तुम्ही दोन वेगळी खाती दिलीत, तिथेही मला थोडे थांबावेसे वाटते. सह्याद्रीतील थरांची रासायनिक रचना खालून वर बदलत जाते आणि त्यावरून जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर असे गट पाडले आहेत. बुशे आणि पोलादपूर यांच्या सीमेवर प्रवाहांचे स्वरूप बदलते. वरचे प्रवाह अधिक मोठे आहेत आणि त्यांच्यातली अंतरेही अधिक दिसतात. स्प्रेन यांच्या मापांनुसार विनाशाची वेळ याच सीमेच्या आसपास येते. अशनीच्या धक्क्याने पृथ्वीभर उठलेल्या कंपनांनी दख्खनखालची शिलारसाची व्यवस्था हलली असावी, अशी कल्पना रेनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये मांडली. ती सिद्ध झालेली नाही. पण ती खरी ठरली, तर आपल्या महाबळेश्वरच्या कड्यांचा मोठा भाग मेक्सिकोतील त्या आघातामुळे वेगाने बाहेर आला असे म्हणावे लागेल. शोन यांची मापे याला फारशी अनुकूल नाहीत, कारण त्यांच्या मते मोठा झटका आघाताच्या आधीच सुरू झालेला होता.

तिसरा मुद्दा जीवाश्मांचा. गेर्टा केलर आणि त्यांचे भारतीय सहकारी यांनी राजमहेंद्रीजवळील खाणींत आणि छिंदवाड्याजवळच्या झिलमिली येथे दोन लाव्ह्यांमधल्या थरांत समुद्रातील फोरामिनिफेरा या सूक्ष्म जीवांची कवचे शोधली. ती विनाशानंतरच्या अगदी पहिल्या काळातली आहेत. म्हणजे विनाशाची रेषा तिथे लाव्ह्याच्या थरांशी थेट जोडता येते. केलर यांचा कल ज्वालामुखीला मुख्य कारण मानण्याकडे आहे. तो सर्वांना पटत नाही, परंतु त्यांनी गोळा केलेला पुरावा बाजूला सारता येत नाही.


कातळवाचक

शिलाक्रम, राखेच्या पट्ट्यांविषयीची तुमची सूचना फार उपयोगी आहे आणि वाचकांनी ती जरूर लक्षात घ्यावी. ज्वालामुखी मुख्य कारण होते की नाही, या मुद्द्यावर मात्र मी थोडा आग्रही राहीन. पिंचेली हल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये समुद्रतळाच्या गाळातील तापमानाच्या नोंदी एकत्र करून दाखवले की विनाशाच्या सुमारे दोन लाख वर्षे आधी पृथ्वी जवळपास २ अंश सेल्सिअसने तापली होती आणि आघात होण्याच्या आधी ती पुन्हा बरीचशी पूर्वपदावर आली होती. दख्खनच्या वायूंनी ती तापली असेल, तर त्या तापण्याने जीवजातींचा मोठा संहार घडल्याचे दिसत नाही. आणि ती पूर्वपदावर आली याचा अर्थ मधल्या शांततेत वायू शोषला गेला. लाव्हा बाहेर येण्याच्या आधीच पुष्कळसा वायू निसटला असण्याचीही शक्यता सांगितली जाते. तसे असेल तर लाव्ह्याचे घनफळ आणि वायूचे प्रमाण यांचा मेळ बसणारच नाही, आणि मधल्या गाळाला कान लावण्याखेरीज मार्ग उरणार नाही.

झिलमिलीवरून एक जुनी गोष्ट आठवली. छिंदवाड्याजवळच्याच मोहगाव कलान येथे निपा या ताडाची दगड झालेली फळे सापडली आहेत. आजचा निपा खाडीच्या मचूळ पाण्यात वाढतो, सुंदरबनात तो विपुल आहे. समुद्रापासून इतक्या दूर, भारताच्या मध्यात, खाडीचे झाड कसे आले हा प्रश्न त्यामुळे जुनाच होता. झिलमिलीतील समुद्री कवचांनी त्याला पुष्टी मिळाली आणि नर्मदेच्या किंवा गोदावरीच्या बाजूने समुद्राचा एक हात आत आला असावा या विचाराला आधार आला. वनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल सहानी यांनी १९३० च्या दशकात याच प्रदेशातील वनस्पतींवरून दख्खनचा लाव्हा पूर्वीच्या समजुतीपेक्षा अलीकडचा आहे असा आग्रह धरला होता. आज किरणोत्सारी मापनाने तो काळ विनाशाच्या दोन्ही बाजूंना पसरलेला निघाला. पानाफुलांच्या ठशांवरून एवढ्या जवळ पोहोचणे ही लहान गोष्ट नव्हती.


किनारावासी

मुंबईचा उल्लेख आलेला नाही म्हणून लिहितो. मुंबई बेटावरील लाव्हा सह्याद्रीतील मुख्य थरांपेक्षा तरुण आहे, विनाशानंतरच्या काळातला. वरळीच्या टेकडीत दोन लाव्ह्यांमधल्या काळसर गाळात बेडकांचे इतके सांगाडे सापडले की त्या थराला बेडकांचा थर असेच म्हटले गेले. रिचर्ड ओवेन यांनी १८४७ साली त्या लहानशा बेडकाचे वर्णन केले आणि पुढे त्याला इंडोबॅट्रॅकस पुसिलस हे नाव मिळाले. त्याच गाळात कासवाचेही अवशेष होते. म्हणजे डायनासोर गेल्यानंतर, अजून लाव्हा येतच असताना, मुंबईच्या जागी उथळ तळी होती आणि त्यांत बेडूक-कासवे सुखाने नांदत होती. ज्यांनी हे थर शोधले त्यांच्या काळात वरळीला उघडी टेकडी आणि दगडखाणी होत्या. आज तिथे इमारती आहेत आणि एखाद्या पायाच्या खोदाईत तो गाळ पुन्हा वर आला, तरी तो कोणी पाहील याची काहीच व्यवस्था नाही. खोदाईच्या वेळी भूवैज्ञानिकाला चार तास आत येऊ देणे हे बांधकामाला मुळीच जड जाणार नाही, आणि ते नियमाने व्हायला हवे असे मी ठामपणे म्हणतो.

खाण मंत्रालयाने २०२२ मध्ये भूवारसा स्थळांच्या जतनासाठी विधेयकाचा मसुदा काढला होता. त्यावर मराठी वर्तमानपत्रांत फारच थोडे लिहिले गेले.


ओलावा

माझा विषय उभयचर प्राणी. किनारावासी यांनी बेडकांचा विषय काढला म्हणून जिवंत साक्षीदारांविषयी लिहिते. खंडाळ्याच्या परिसरातून १९६० मध्ये एका देवगांडुळाचे वर्णन झाले, त्याचे नाव इंडोटायफ्लस बॅटर्सबी. पाय नसलेला, मातीत राहणारा हा उभयचर पावसाळ्यात दगडाखाली दिसतो आणि साप किंवा गांडूळ समजून बहुधा मारला जातो. त्याच्याच कुळातले दुसरे प्राणी हिंदी महासागरातील सेशेल्स बेटांवर राहतात. खाऱ्या पाण्यातून पोहत जाणे या प्राण्यांना शक्य नाही. सेशेल्सचा भूखंड भारताला चिकटलेला असतानाचे हे नाते आहे, आणि तो भूखंड सुमारे ६.३ कोटी वर्षांपूर्वी, दख्खनच्या उद्रेकाच्या अखेरीस, भारतापासून वेगळा झाला. केरळातील जांभळा बेडूक २००३ मध्ये शास्त्राला कळला, त्याचेही जवळचे नातलग सेशेल्सवरच आहेत.

यातून मला एक गोष्ट स्पष्ट दिसते. आज खंडाळ्याचे देवगांडूळ ज्या मातीत राहते ती माती लाव्ह्याचीच आहे, आणि तो लाव्हा येत होता तेव्हा तिथे त्याचे पूर्वज तगणे शक्य नव्हते. ते लाव्ह्याच्या कक्षेबाहेर, बहुधा दक्षिणेकडील जुन्या खडकांच्या प्रदेशात टिकले आणि कातळ कुजून माती झाल्यावर, जंगल उभे राहिल्यावर, उत्तरेकडे परत आले असावेत. दोन लाव्ह्यांमधल्या काळात असे जाणे-येणे अनेकदा झाले असेल का, हा प्रश्न मला या धाग्यामुळे पडला आहे.


सागरपार

मी मोरिशसमध्ये राहतो. माझे पूर्वज कोकणातून एकोणिसाव्या शतकात ऊसमळ्यांवर मजुरीसाठी इथे आले. पृथ्वीच्या पोटातील ज्या तप्त स्रोतावरून भारत सरकत गेला आणि दख्खनचा लाव्हा बाहेर आला, त्याच स्रोताची वाट पुढे लक्षद्वीप, मालदीव, छागोस अशी येत आमच्या बेटाखालून गेली आणि आज तो शेजारच्या रियुनियन बेटाखाली आहे. तिथला पिटों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी वारंवार जागा होतो. मोरिशसचा सर्वांत जुना लाव्हा ९० लाख वर्षांच्या आतला आहे, पण इथल्या खडकात त्याहून कितीतरी जुने झिरकॉन मिळाले आणि त्यांतील काहींचे वय तब्बल ३०० कोटी वर्षांच्या घरातले निघाले. भारत आणि मादागास्कर वेगळे होताना तुटलेला एखादा जुना भूखंडाचा तुकडा बेटाखाली असावा, असा त्याचा अर्थ २०१७ मध्ये लावला गेला. कोकणातला जांभा आणि काळा दगड सोडून आलेल्या आमच्या माणसांना इथेही उसाच्या शेतात काळ्या दगडांचेच ढीग उपसावे लागले. ते ढीग आजही शेतांत उभे आहेत.


शिलाक्रम

सागरपार यांच्या प्रतिसादाने आनंद झाला. दख्खनखाली काय आहे, याचेही उत्तर आता काही अंशी मिळाले आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर कोयना परिसराचा अभ्यास होत राहिला आणि गेल्या दशकात तिथे खोल वेधनविवरे घेण्यात आली. सुमारे सव्वा किलोमीटर बसाल्ट ओलांडल्यावर थेट ग्रॅनाइट-नाइसचा अतिप्राचीन पाया लागला, आणि दोहोंच्या मध्ये गाळाचा थर मिळाला नाही. म्हणजे त्या भागात पहिला लाव्हा उघड्या, जुन्या खडकावरच पसरला. विदर्भात आणि गुजरातेत मात्र रानजाई यांनी सांगितलेला लामेटा आहे. ओलावा यांच्या प्रश्नाशी याचा संबंध आहे, कारण लाव्ह्यापूर्वी कोठे तळी व दलदली होत्या आणि कोठे खडकाळ उंचवटा होता, हे यातून कळू लागते. लाव्ह्याच्या कडेजवळ, तेलंगणातील नसकलच्या गाळात चिमुकल्या सस्तन प्राण्याचे दात मिळाले आणि १९८८ मध्ये त्याला हिस्लॉप यांच्या स्मरणार्थ डेक्कनोलेस्टिस हिस्लोपी हे नाव दिले गेले. अशा कडांवरच जाण्या-येण्याचा पुरावा शोधायला हवा, असे माझेही मत आहे.


वाटसरू

माहिती वाचून आंबेनळी घाटात नव्याने जावेसे वाटते. तिथे काय पाहावे, ते कोणी सांगेल का?


शिलाक्रम

पोलादपूरहून महाबळेश्वराकडे चढताना तुम्ही पोलादपूर, आंबेनळी आणि महाबळेश्वर या तिन्ही गटांमधून क्रमाने वर जाता आणि माथ्यावर जांभ्याचे आवरण लागते. हे तिन्ही गट डोळ्यांनी वेगळे ओळखता येत नाहीत, त्यासाठी रासायनिक पृथक्करण लागते. लाव्हा थंड होताना त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा त्यात गोठते; घाटाच्या खालच्या भागातील कातळात ती आजच्या उलट आहे आणि वरच्या भागात पुन्हा सरळ होते, तेही उपकरणांनीच कळते. डोळ्यांना दिसतात ते सांधे. प्रवाहाचा तळ बहुधा घट्ट असतो, माथ्याकडे वायूच्या बुडबुड्यांची भोके वाढत जातात आणि त्यांत झिओलाइट हे पांढरे किंवा हिरवट खनिज भरलेले असते. त्यावर विटकरी पट्टा असेल, तर त्याची खालची कड हळूहळू कातळात मिसळते की सुरीने कापल्यासारखी वेगळी होते, हे आवर्जून पाहावे. मिसळत असेल तर पट्टा जागीच कुजून झालेला असण्याची शक्यता अधिक, आणि स्वच्छ वेगळी असेल तर राख किंवा वाहून आलेली माती असू शकते. पट्ट्याच्या वरच्या अंगाला पाणी झिरपताना दिसते, कारण ती चिकणमाती पाणी खाली जाऊ देत नाही.

दगड फोडून आणू नये. छायाचित्रात मोजपट्टी ठेवावी, मोबाइलवर दिसणारी उंची आणि जागा टिपावी, आणि पट्ट्याच्या वरची व खालची अशी दोन्ही कडांची छायाचित्रे या धाग्यावर टाकावीत. पावसाळ्यानंतर दरड सरकलेल्या ठिकाणी सांधा स्वच्छ दिसतो, मात्र सुटलेल्या कड्याखाली थांबू नये आणि वळणावर वाहन उभे करू नये.